सुभेदार रामजी : पिता आणि शिक्षक

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनावर विपुल लेखन झाले आहे. त्यात त्यांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ आरंभीच्या काही पानांत भेटतात आणि पुत्र मोठा होताच दिसेनासे होतात. आमच्या मते निवासी शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येकाने हीच पाने पुन्हा वाचली पाहिजेत. कारण रामजी केवळ महापुरुषाचे पिता नव्हते. ते स्वतः शिक्षक होते.

हे घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. गावच्या शाळेची दारे अस्पृश्यांना बंद होती, त्या काळात लष्कराने मात्र शिपायांच्या व त्यांच्या मुलामुलींच्या शिक्षणाची सोय केली होती. पुण्याच्या लष्करी अध्यापन शाळेत शिकून रामजी शिक्षक झाले आणि चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक राहिले. पुढे १८९२ मध्ये महारांची सैन्यभरतीच थांबवण्यात आली आणि समाजाचे हे एकमेव दारही मिटले. निवृत्त मुख्याध्यापकाने मग आपल्या घराचीच शाळा केली. कबीरपंथी शिस्त, पहाटेचे पठण, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला हा त्या शाळेचा अभ्यासक्रम होता.

हे घर सुखवस्तू नव्हते. भीमाबाई निवर्तल्या तेव्हा भीमराव अवघे पाच-सहा वर्षांचे होते. मुलांना आत्या मीराबाईंच्या हवाली करून रामजींना नोकरीसाठी दूर राहावे लागले. सन १९०१ मध्ये ते खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल होते. त्यांना भेटायला निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरली. पण आगाऊ पाठवलेले पत्र वडिलांच्या हाती पोहोचलेच नव्हते. रात्रीच्या त्या प्रवासात जातीमुळे मुलांना प्यायला पाणीही मिळाले नाही. बाबासाहेबांनी ही आठवण स्वतः लिहून ठेवली आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनपट्ट्यात आम्ही ही आठवण शिकवतो, तेव्हा ती मुलांना समजावून सांगावी लागत नाही. जिवती, कोरची, एटापल्ली, भामरागड या भागांतील कितीतरी आईबाप मिरची तोडायला तेलंगणात जातात. मोहफुलांचा हंगाम सरला की तेंदूपानांचा येतो, पाऊस पडला की रोवणी. पोट भरण्यासाठी लेकरांपासून दूर गेलेला बाप म्हणजे बेपर्वा बाप नव्हे. ‘यांच्या पालकांना शिक्षणाची किंमत नाही’ असे शिक्षकांच्या खोलीत सहज बोलले जाते. ते बोलणाऱ्याने दुष्काळी कामावरचे रामजी आठवावेत.

पुढे मुंबईत परळच्या डबक चाळीतील एका खोलीत हे कुटुंब राहू लागले. तेथील व्यवस्था सर्वश्रुत आहे. भीमराव लवकर झोपत, रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवत आणि त्यानंतर स्वतः आडवे होत. जागा एकच होती. तिची वाटणी त्यांनी स्वतःच्या झोपेने केली. पुस्तकाला पैसे नसले तर ते विवाहित मुलीकडे जात, तिचा दागिना गहाण टाकत आणि निवृत्तिवेतन हाती आले की सोडवून परत करत.

मात्र गौरव करताना हिशेब अर्धा मांडू नये. दोघांच्या शिक्षणाचा भार पेलत नव्हता, म्हणून थोरले आनंदराव कामाला लागले. दागिने दिले ते मंजुळा आणि तुळसा या बहिणींनी. त्यांच्या वाट्याला मात्र ते शिक्षण आले नाही. तो काळाचा दोष होता, असे आपण म्हणू शकतो. आज तसे म्हणता येणार नाही. लहान भावंडांना सांभाळण्यासाठी किंवा लग्नासाठी आठवी-नववीतली मुलगी वसतिगृहातून घरी नेली जाते, तेव्हा तो दागिना पुन्हा एकदा गहाण पडत असतो. तो सोडवणे हे आपल्या शाळांचे पहिले कर्तव्य आहे, असे आमचे ठाम मत आहे.

रामजींच्या शिक्षकपणाची खरी कसोटी १९०७ मध्ये लागली. मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या भीमरावांचा सत्कार करू देण्यास ते आधी राजी नव्हते. मुलाच्या डोक्यात हवा जाईल, अशी त्यांना भीती होती. कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्यांचे मन वळवले आणि त्या प्रसंगी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. ते वाचून मुलाने वडिलांनाच विचारले, की बुद्धाचे वाङ्मय सोडून आम्हाला रामायण-महाभारत का वाचायला लावता? रामजी संतापले नाहीत. त्यांनी आपल्या परीने उत्तर दिले. मुलाचे समाधान झाले नाही, तरी त्याला गप्प बसवण्यात आले नाही. त्या शोधाची वाट पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आणि १६ ऑक्टोबरला आपल्या चंद्रपूरला पोहोचली.

रामजींनी यातले काहीच पाहिले नाही. बडोद्याहून धावत आलेल्या मुलाच्या पाठीवरून अखेरचा हात फिरवून त्यांनी २ फेब्रुवारी १९१३ रोजी देह ठेवला. दहा वर्षांनी बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला.

म्हणूनच आमचे म्हणणे असे, की निवासी शाळेचे मोल तिच्या इमारतीवरून किंवा निकालाच्या टक्क्यांवरून ठरू नये. सायंकाळची बस गाठून शिक्षक शहराकडे निघून गेल्यावर, रात्री ताप चढलेल्या किंवा गणित अडलेल्या मुलाजवळ कोण असते, यावरून ते ठरावे. जी संस्था मूल घरापासून दूर आणते, तिने त्याला रात्रीचा बापही दिला पाहिजे. शिक्षकाला सहकुटुंब राहता येईल असे निवासस्थान देणे हे संस्थेचे काम आहे आणि तेथे राहणे हे शिक्षकाचे. आणि त्या मुलाने उद्या आपल्याला न रुचणारा प्रश्न विचारला, तर तो ऐकून घेण्याची तयारीही हवी. वर्गात तसबीर लावणे सोपे आहे. दिवा लावून जागणे कठीण आहे.

तसे जागणाऱ्या प्रत्येक ज्ञात-अज्ञात शिक्षकास आणि सुभेदार रामजींच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन!