अकरा टक्के आणि जिनिंगचा कामगार

माजलगावकडचा एक जिनिंग कामगार गेल्या आठवड्यात कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आला. सरकारी कागद वाचून देण्याचे काम मी कोणालाही नाकारीत नाही, हे या सदराच्या वाचकांस ठाऊक आहेच. पिशवीत आधारपत्र होते, शिधापत्रिका होती, ई-श्रमचे कार्ड आणि बँकेचे पासबुकही होते. पण ज्या कारखान्यात त्याने ऐन उमेदीचे हंगाम घालविले, त्या कारखान्याचे नाव असलेला एक चिठोराही नव्हता. ‘‘मामा, काम बसलं तर सरकार काही देतं म्हणतेत. आमचं त्यात बसतंय का, तेवढं बघा,’’ एवढेच त्याचे म्हणणे.

काम का बसले, हे सर्वश्रुत आहे. अमेरिकेने भारतीय मालावरील जकात ऑगस्ट २०२५ मध्ये ५० टक्क्यांवर नेली आणि कापडउद्योगास दिलासा म्हणून केंद्र सरकारने १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले. ही माफी पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढविण्यात आली आणि परदेशी कापूस आल्याने इथल्या जिनिंगचे काम घटले. त्यातच सप्टेंबरच्या अतिवृष्टीने आपल्या जिल्ह्यातील कापूस शेतातच काळवंडला. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये असताना बाजार त्याच्या खाली राहिला. शेतकऱ्यास निदान हमीभावाचा आणि कापूस महामंडळाच्या खरेदीकेंद्राचा आधार तरी होता.

पण रेच्यावरच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावरच्या, माणसाला काय आहे, ते मी कायद्याची पाने उलटून पाहिले आणि मन उद्विग्न झाले. कामबंदीच्या काळात मूळ वेतन व महागाईभत्ता यांची निम्मी रक्कम भरपाई म्हणून देण्याची तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती. परंतु पन्नासाहून कमी कामगारांचे आणि हंगामी स्वरूपाचे कारखाने तीतून वगळलेले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता अमलात आली, तरी हा अपवाद कायमच राहिला. कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बेकार झालेल्या विमाधारकास नव्वद दिवसांपर्यंत निम्मे वेतन मिळू शकते. पण कर्मचारी राज्य विमा कायद्याने हंगामी कारखान्यांस बाहेर ठेवले आणि त्यांच्या व्याख्येत कापसाचे जिनिंग व प्रेसिंग अगदी नाव घेऊन घातले. उपदानसुद्धा (ग्रॅच्युइटी) इतरांस वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाचे, तर हंगामी कामगारास हंगामामागे सातच दिवसांच्या. खुद्द जकात वाढविणाऱ्या अमेरिकेनेही परदेशी मालामुळे काम गेलेल्या कामगारांसाठी १९६२ पासून साहाय्य योजना चालविली होती. १ जुलै २०२२ पासून तिच्यातील नवे दावे मंजूर होणे थांबले.

हंगाम संपला की काम संपणार, हे मजुरी धरतानाच ठाऊक असते, असा हंगामी कारखान्यांना वगळण्यामागील युक्तिवाद. तो मान्य करू. पण हंगाम निसर्गाने संपणे निराळे आणि दिल्लीच्या शुल्कमाफीच्या अधिसूचनेने तो मध्येच आखूड होणे निराळे.

ज्याने चालू जिनिंगमध्ये पाऊल ठेवले असेल, त्याला या श्रमाचे स्वरूप सांगावे लागणार नाही. दुतर्फा रेच्यांची रांग, तोंडाला पंचा बांधून कापूस सारणारी माणसे, त्यांच्या भुवयांवर व पापण्यांवर बसलेला तंतूंचा थर, खाली अखंड गळणारी सरकी, आणि ढिगाशी बसून कवडी व पालापाचोळा वेचणाऱ्या बायका. या सर्वांची हजेरी असते मुकादमाच्या दोनशेपानी वहीत, पेन्सिलीच्या उभ्या रेघांनी. हप्ता वाटला की ते पान संपते आणि त्याबरोबर त्या माणसाने तिथे काम केल्याचा पुरावाही संपतो. उद्या सरकारने उदार होऊन मदत जाहीर केली, तरी दाखला नाही म्हणून हीच माणसे तहसील कचेरीच्या पायरीवरून परत फिरतील, याची मला धास्ती वाटते.

याच महाराष्ट्राने, १९७२ च्या दुष्काळात होरपळलेल्या याच मुलखाला समोर ठेवून, वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेचा विस्तार केला आणि १९७७ मध्ये तिला कायद्याचे बळ दिले. त्या योजनेने मजुराला, तू कोणाच्या पदरी होतास, तुझा कारखाना बारमाही की हंगामी, असे विचारले नाही. अंगमेहनतीला तयार असलेला माणूस काम मागतो आहे, एवढी पात्रता तिला पुरेशी वाटली. पात्रतेचा इतका सरळ आणि माणुसकीचा निकष आपल्याच राज्यकर्त्यांनी घालून दिलेला असताना आपण तो विसरावा, याचे मला फार दुःख होते.

त्या ११ टक्के शुल्काची फोड पाहा: पाच टक्के मूळ सीमाशुल्क, पाच टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर आणि उरलेला एक टक्का समाजकल्याण अधिभार. हे शुल्क जेव्हा जेव्हा वसूल होईल, तेव्हा त्यातील हा एक टक्का जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांसाठी राखून ठेवावा आणि ज्या वर्षी आयात मोकळी होईल, त्या वर्षी बुडालेल्या रोजांची निम्मी मजुरी त्यातून द्यावी, अशी मागणी आपल्या खासदार-आमदारांनी लावून धरली पाहिजे.

आणि माजलगाव, गेवराई, वडवणी, धारूरच्या कामगार बंधुभगिनींनो, पुढच्या हंगामात रेच्यापाशी उभे राहण्याआधी कारखान्याच्या शिक्क्याचे हजेरीकार्ड मागून घ्या. ते नाकारले गेले, तर जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. अर्ज लिहून हवा असेल त्याने माझ्याकडे यावे.