उभ्या गाडीलाही दुखतं, बरं का!



गाडी पळाली की झिजते आणि उभी राहिली की विसावा घेते, असंच आपल्याला वाटतं ना? खड्डे, धूळ, ओझं ही सगळी रस्त्यावरची दुखणी. मग सांगा पाहू, पुढच्या चाकांना वळवणाऱ्या दांड्यांना चांगलाच पीळ कधी बसतो? गाडी लावताना! जागा मिळाली, गाडी थांबली आणि मग जागच्या जागी गरागरा स्टिअरिंग फिरवलं, की झालं.

असं का होतं? खोडरबर घ्या, टेबलावर जोरात दाबा आणि तिथल्या तिथे पिळा. रबर वाकतं, चुरा पडतो. टायरचंही तसंच. छोट्या मोटारीचं वजन माणसांसकट हजार किलोच्या आसपास धरा. म्हणजे एकेका चाकावर साधारण अडीचशे किलो आले. इंजिन पुढे असलं, तर पुढच्या चाकांवर थोडं जास्तच. एवढा भार घेऊन टायर जमिनीला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा! गाडी उभी असताना तेवढाच तुकडा डांबरावर घासत फिरतो. त्याचा सगळा जोर टाय रॉड आणि बॉल जॉइंट यांच्यावर येतो. गाडी जरा सरकत असेल, तर टायर लोळत लोळत वळतो आणि जोर कितीतरी कमी लागतो.

पटत नाही? जुना, साध्या स्टिअरिंगचा ट्रॅक्टर चालवणाऱ्या एखाद्या काकांना विचारा. उभ्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग वळवायला दोन्ही हात, खांदे सगळं लावावं लागतं. ट्रॅक्टर जरा पुढे सरकू द्या, तेच सहज फिरतं. “आमच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग आहे,” असं कोणी म्हणेल. पण ते कष्ट वाचवतं आपल्या हातांचे, चाकाजवळच्या दांड्यांचे नव्हे!

आता दुसरी सवय. जागा अपुरी म्हणून एक चाक धाडकन फुटपाथवर चढवायचं. आपलं जालना लोखंडी सळयांसाठी प्रसिद्ध आहे, तेव्हा पोलादाची गोष्ट आपल्याला कळायलाच हवी. पोलादी स्प्रिंग दाबली की दबते, सोडली की मूळ जागी येते. दाब जितका, तितकी ती दबते, हा नियम रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने १६७८ साली छापून सांगितला. ट्रकचे कमानपाटे असोत की मोटारीची गोल स्प्रिंग, काम याच नियमाने चालतं. म्हणून एक रात्र गाडी तिरकी उभी राहिली, तर स्प्रिंग लगेच बसत नाही. खरा घात होतो तो चढताना आणि उतरताना बसणाऱ्या दणक्याने. रबरी बुश फाटतात. एखादा रॉड किंचित वाकतो आणि चाकाची दिशा बिघडते. मग गाडी एका बाजूला ओढते, टायर एकाच कडेने झिजतो. असं दिसलं, की मेस्त्रीकाकांकडून अलाइनमेंट तपासून घ्यावं.

सगळ्यात मोठा धोका मात्र लपलेला असतो. टायरच्या बाजूच्या भिंतीत रबराखाली धाग्यांचे थर असतात. फुटपाथची कड आणि चाकाची रिंग यांच्या चिमटीत ते धागे तुटले, की तिथे फुगा येतो. गावात तीस-चाळीसच्या वेगात तो गप्प बसेलही. पण आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग सुरू झाला, त्यात जालनाही आलं. तिथे मोटारींसाठी वेगमर्यादा आहे ताशी १२० किलोमीटर. त्या वेगाने छोट्या मोटारीचं चाक मिनिटाला हजारावर फेरे घेतं. प्रत्येक फेऱ्यात तो दुबळा फुगा दाबला जातो, टायर तापतो आणि एका क्षणी फुटतो. गाडीत कोण असतं? आई, बाबा, आजी आणि तुम्ही! फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो.

मग काय करायचं? स्टिअरिंग फिरवायचं ते गाडी हळू सरकत असताना. कडेला चढायचं नाही, वीतभर अंतर ठेवायचं. बाकी फुटपाथ तर चालणाऱ्यांचाच! सपाट जागी चाकं सरळ करून, हँडब्रेक ओढून उतरायचं. उतारावर पुढचं तोंड खाली असेल, तर पुढची चाकं डाव्या कडेकडे वळवून ठेवायची, म्हणजे ब्रेक सुटलाच तर गाडी रस्त्यात न जाता कडेला अडेल. चाकाला दगड लावला असेल, तर निघताना तो उचलायलाच हवा. मागून अंधारात येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव त्या दगडात अडकलेला असतो.

या रविवारी एक काम करा. घरची किंवा शेजारच्या काकांची गाडी बंद असताना, काकांना विचारून, चारही टायरांच्या बाजू नीट पाहा. फुगा, चीर, एका कडेची झीज दिसते का? वहीत टिपून ठेवा आणि मोठ्यांना दाखवा. गावाला निघण्याआधी हे पाहायला पाच मिनिटं पुरतात.

आणि आई-बाबांनो, मुलांनी टोकलं तर रागावू नका हं. गाडी लावताना दोन मिनिटं जास्त लागली, तर लागू द्या!