भावाची नोंद आपल्या हाताशी आहे, ती खुली करा

माननीय तुहिनकांत पांडे,
अध्यक्ष, सेबी, वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई

महोदय,

मी सांगलीत कर सल्लागार आहे. विवरणपत्रांच्या हंगामात माझ्याकडे येणाऱ्यांत निवृत्त शिक्षक आहेत, एसटीतले आणि बँकेतले पेन्शनर आहेत. पेन्शन आणि एफडीचं व्याज मांडलं की त्यांचं काम संपायचं. आता त्यांतल्या काहींना आयटीआर-1 चालत नाही, कारण वर्षभरात केव्हाही अनलिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचा, शेअर हाती असला तर आयटीआर-2 भरावा लागतो. त्यात कंपनीचं नाव, पॅन, शेअर किती, कधी आणि काय भावानं घेतले, असा स्वतंत्र तक्ता आहे. भाव विचारला की समोरचा माणूस मोबाइल पुढे करतो. व्हॉट्सॲपवरचा दलालाचा मेसेज: कंपनीचं नाव, ‘आजचा भाव’, किमान इतके शेअर घ्यावे लागतील, पैसे आधी, शेअर नंतर डीमॅटला. त्याच शेअरचा भाव दुसऱ्या दलालाकडे त्या दिवशी काय होता, हे त्याला माहीत नसतं. मलाही शोधून देता येत नाही.

ही माणसं लोभी आहेत, असं म्हणून हा विषय मिटवू नये. कंपनी वाढते तेव्हा मोठा फायदा बाजारात येण्याआधीच होतो, हे त्यांनी पाहिलंय. नोव्हेंबर 2023मध्ये टाटा टेक्नॉलॉजीजचा आयपीओ 500 रुपयांना आला आणि शेअर 1,200ला उघडला. अशा कंपनीत आधीच शिरायचं तर पर्यायी गुंतवणूक निधीत (एआयएफ) किमान एक कोटी घालावे लागतात. ज्याच्याकडे दोन-तीन लाख आहेत, त्याला दलालाचा मेसेज एवढीच वाट उरते.

त्या वाटेवर काय होतं, ते एचडीबी फायनान्शियल सर्व्हिसेसच्या वेळी दिसलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कंपनीला बाजारात यावंच लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि दलालांनी तेच सांगून शेअर विकले. अनलिस्टेड बाजारातला भाव बाराशेच्या घरात होता. जून 2025मध्ये आयपीओचा किंमतपट्टा जाहीर झाला 700 ते 740 रुपये. 2 जुलैला शेअर 835ला उघडला. आयपीओत मिळालेल्यांनी त्याच दिवशी विकून नफा घेतला. बाराशेला घेतलेल्यांना तोटा सोसून बाहेर पडायचीही मुभा नव्हती, कारण आयपीओच्या आधीपासूनच्या भागधारकांना सहा महिने शेअर विकता येत नाहीत. हा नियम आपल्याच संस्थेचा आहे आणि तो योग्यही आहे. पण शेअर घेताना तो कोणी सांगितला होता का, असं मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांचं उत्तर ‘नाही’ असंच होतं.

रिलायन्स रिटेलमध्ये तर बाजारात येण्याची वेळच आली नाही. जुलै 2023मध्ये कंपनीनं भांडवल कपात करून किरकोळ भागधारकांचे शेअर 1,362 रुपयांना रद्द करायचं ठरवलं. बाहेर तोच शेअर अडीच हजारांच्या वर विकला जात होता. फार्मइझीच्या मूळ कंपनीचा शेअर 2021मध्ये शंभराच्या वर होता. 2023मध्ये कंपनीनं हक्कभाग काढला तो पाच रुपयांना.

सेबीनं डिसेंबर 2024मध्ये अनधिकृत प्लॅटफॉर्मवर अनलिस्टेड शेअरचे व्यवहार करू नका, असा इशारा दिला. ऑक्टोबर 2025मध्ये म्युच्युअल फंडांना आयपीओपूर्व शेअरवाटपात पैसे घालायला मनाई केली. संशोधकांची फौज बाळगणाऱ्या फंडाला हा धोका नको, असं आपण ठरवलंत. मग एकट्या पेन्शनरला फक्त इशारा देऊन कसं भागेल? तो इशारा त्याच्यापर्यंत पोचलेलाच नाही. मेसेज मात्र रोज पोचतो.

अनलिस्टेड कंपन्या आमच्या कक्षेत येत नाहीत, हे उत्तर मला माहीत आहे. कंपन्या येत नसतील. डिपॉझिटरी तर येतात. हे शेअर डीमॅटमध्ये असतात आणि एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात ते एनएसडीएल किंवा सीडीएसएलमधूनच. जुलै 2020पासून अशा ऑफ-मार्केट विक्रीवर 0.015 टक्के मुद्रांक शुल्क डिपॉझिटरीच गोळा करते. ते रकमेवर असल्यामुळे व्यवहार कितीला झाला हे हस्तांतराच्या स्लिपवर लिहावंच लागतं. म्हणजे ज्या भावासाठी माझा पक्षकार व्हॉट्सॲप चाळतो, तो भाव आपल्या देखरेखीखालच्या संस्थांकडे रुपया-पैशांत नोंदलेला आहे.

तो प्रसिद्ध करावा, एवढंच मागणं आहे. नावं नकोत, खाती नकोत. दर आठवड्याला प्रत्येक कंपनीच्या आयएसआयएन या शेअर-ओळख क्रमांकासमोर किती शेअर हस्तांतरित झाले आणि सर्वांत कमी, सर्वांत जास्त व सरासरी भाव काय होता, इतकं पुरे. दलालानं शेअर कितीला उचलला आणि पुढे कितीला विकला, हेही त्यातून उघड होईल, आणि त्याला मधला फरक मनाला येईल तेवढा ठेवता येणार नाही. कुणी स्लिपवर खोटी रक्कम लिहील, अशी शंका घेतली जाईल. पण खोटी रक्कम लिहिणं म्हणजे शुल्क चुकवणं. त्यासाठी कायदा आहे, आणि आकडे खुले झाले की असा व्यवहार इतरांपेक्षा वेगळा उठून दिसेल.

ऑगस्ट 2025मध्ये आपण आयपीओपूर्व शेअरसाठी नियंत्रित मंच असावा, असं बोलला होतात. तो व्हावा. पण त्यासाठी कंपन्यांची तयारी, माहिती जाहीर करण्याचे नियम, कंपनी व्यवहार मंत्रालयाशी बोलणी, असं बरंच काही लागेल. भाव प्रसिद्ध करायला यातल्या कशावाचूनही अडत नाही. डिपॉझिटरींना एक परिपत्रक पुरेल. त्याच परिपत्रकात आणखी एक ओळ घालावी: शेअर जमा झाल्याचा एसएमएस घेणाऱ्याला जातो, त्यात कंपनी बाजारात आल्यावर सहा महिने हे शेअर विकता येणार नाहीत, हे मराठीत किंवा ज्याच्या त्याच्या भाषेत लिहिलेलं असावं.

आपला,
एक कर सल्लागार, सांगली