आजीचा फोटो आणि पिक्सेलचा हिशेब

आजीच्या वर्षश्राद्धाला तिचा मोठा फोटो लावायचा होता. व्हॉट्सॲपवर आलेला एक हसरा फोटो घेऊन मी हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका स्टुडिओत गेलो. १२ बाय १६ इंचाची फ्रेम हवी म्हणालो.

काकांनी फोटो उघडला. "हा १२०० बाय १६०० पिक्सेलचाच आहे. १२०० ला १२ नं भागा. इंचाला फक्त १०० पिक्सेल! चेहरा धूसर येईल."

हातात धरून पाहायच्या फोटोला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. भिंतीवरचा लांबून पाहतो, त्याला २०० ते २५० चालतात. कॉम्प्युटरवर फोटो ताणला, तरी गेलेले बारकावे परत येत नाहीत. व्हॉट्सॲपवरून पाठवताना तो लहान झाला होता.

मूळ फोटो पुण्याच्या मावसबहिणीच्या मोबाइलमध्ये होता. तिनं तो डॉक्युमेंट म्हणून पाठवला, ३००० बाय ४००० पिक्सेलचा. इंचाला २५०! आता फ्रेममध्ये आजीच्या कपाळावरचं गोंदणसुद्धा दिसतं.

तुमच्या घरच्या आजी-आजोबांचे मूळ फोटो आजच मागवून घ्या. बहिणीनं मोबाइल बदलला असता, तर आमच्याकडे तो धूसर चेहराच उरला असता.