एकाच्या मिळकतीत घर का चालत नाही?

विवाहविषयक जाहिरातींची भाषा पाहिली की समाजाचे अर्थकारण उमगते. एके काळी वधूच्या गुणांत 'गृहकृत्यदक्ष' हा शब्द अग्रभागी असे. आज तेथे 'नोकरी करणारी' हे विशेषण आले आहे. स्त्रीने शिकावे, कर्तृत्व गाजवावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, ती नोकरी इच्छेने करते की घराच्या हप्त्यापायी?

'गरजा वाढल्या, चंगळवाद फोफावला' हे आपल्या बैठकांतील ठरावीक उत्तर अर्धसत्य आहे. दूरदर्शन संच आणि भ्रमणध्वनी तर सर्वांच्या आवाक्यात आले. आवाक्याबाहेर गेले ते निवारा, शिक्षण आणि औषधोपचार. यांना चैन कोण म्हणेल? मुंबईत नोकरी करणारा बदलापूरला सदनिका घेतो, ती हौस म्हणून नव्हे.

एका कमावत्याच्या वेतनात कुटुंब चालावे, हे स्वप्नरंजन नव्हते. १९५७ च्या जुलै महिन्यात पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे निकष ठरविले. पती, पत्नी व दोन मुले यांचे अन्न, वर्षाचे ७२ वार कापड, घरभाडे, इंधन व दिवाबत्ती हे सारे एका वेतनातून भागले पाहिजे. पत्नीची वा मुलांची कमाई हिशेबात धरू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभ, वृद्धापकाळ व विवाह यांसाठी एकूण किमान वेतनाच्या २५ टक्के भाग असावा, अशी भर घातली.

निकष कागदावर राहिला आणि कायम नोकरीच्या जागी कंत्राट आले. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. पहिली तीन वर्षे वेतनाऐवजी मानधन! प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ मध्ये १६,००० रुपये झाले. तत्पूर्वी ते दरमहा ६,००० रुपये होते. राष्ट्राची भावी पिढी घडविणाऱ्याने तेवढ्यात संसार कसा मांडावा?

शासनाला दोष देणे सोपे आहे. पण आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या रखवालदाराचे काय? बारा तासांच्या पाळीसाठी सर्वांत स्वस्त कंत्राटदार आपणच निवडतो. आपल्यापैकी कोणी कारखानदार आहेत, कोणी शिक्षणसंस्थांचे विश्वस्त. पंडित दीनदयाळजींनी १९६५ साली मुंबईतील व्याख्यानांतून अर्थकारणाच्या केंद्रस्थानी माणूस ठेवण्याचा विचार मांडला. त्याची कसोटी आपल्या हजेरीपटावरच लागते.

कुटुंब प्रबोधनात आपण सहभोजनाचा, एकत्र प्रार्थनेचा आग्रह धरतो. तो योग्यच आहे. परंतु सायंकाळी घरात माणसे तर असली पाहिजेत! दोघेही रात्री नऊला थकून परतत असतील, तर संस्कार कोणी आणि कोणत्या वेळी करावेत? म्हणून पुढच्या वेळी कंत्राटावर स्वाक्षरी करण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा : या वेतनात माझ्या घरातील चौघे महिनाभर राहू शकतील काय? उत्तर 'नाही' असेल, तर ते वेतन वाढविण्यापासूनच आपल्या कार्याचा आरंभ व्हावा.