दाण्याचा पूर्वेतिहास

व्हर्जिन म्हणजे कोरे आणि रिसायकल केलेले प्लास्टिक वेगळे ओळखणे हा जाणकाराच्या डाव्या हातचा मळ आहे, अशी बाजारात पक्की समजूत आहे. पिवळट झाक, काळे ठिपके, साबणाचा किंवा तेलाचा रेंगाळलेला वास, वाकवल्यावर पटकन जाणारा तडा, एवढ्यावर माल पारखणारे व्यापारी आहेत आणि ते उगाच बोलत नाहीत. निकृष्ट दाण्याची, म्हणजे भंगार वितळवून केलेल्या कच्च्या मालाची, बादली या खुणांनी खरोखरच पकडली जाते. मात्र या सगळ्या खुणा वाईट रिसायकलिंगच्या आहेत. एकाच जातीचे भंगार नीट धुऊन, सुकवून, वितळलेल्या अवस्थेत बारीक जाळीतून गाळले, तर त्यातून निघणाऱ्या दाण्यावर त्या फारशा उरत नाहीत. उलट, यंत्रात जास्त तापलेले कोरे प्लास्टिकही पिवळे पडते. काळा रंग म्हणजे भंगाराचा माल, हा तर सरळ गैरसमज. पाणीपुरवठ्याच्या पॉलिथिलीन पाइपात उन्हापासून बचावासाठी दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक मुद्दाम घालतात. तुकडा पाण्यात टाकून किंवा जाळून पाहण्याची जुनी रीतही इथे उपयोगाची नाही. पॉलिप्रॉपिलीन तरंगते, पेट बुडते, पीव्हीसी जळताना तिखट वास येतो, यावरून प्लास्टिकची जात कळते, वय कळत नाही. तळाशी त्रिकोणात छापलेला आकडाही जातच सांगतो. १९८८ मध्ये अमेरिकेत तो सुरू झाला तेव्हा भोवती बाणांचा त्रिकोण होता आणि लोक त्याला रिसायकलिंगची खूण समजू लागले. म्हणून २०१३ मध्ये तिथल्या मानकात बाण काढून साधा त्रिकोण आणला गेला.

यावर शिकलेला माणूस म्हणतो, डोळ्यांचे सोडा, प्रयोगशाळा आहे ना! आहे, आणि ती पुष्कळ काही सांगते. प्लास्टिक पुन्हा पुन्हा वितळले की त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात. पॉलिप्रॉपिलीन त्यामुळे जास्त पातळ वाहते आणि मेल्ट फ्लो इंडेक्स वाढतो. घरगुती कचऱ्यातून आलेल्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये पॉलिथिलीनची भेसळ असली, तर उष्णतामापन चाचणीत १२५ ते १३० अंशांच्या आसपास एक परका उंचवटा दिसतो. रिसायकल केलेल्या पेटमध्ये शीतपेयातले लिमोनीन सापडू शकते. हे पुरावे खरे आहेत, पण ते सारे संशयाचे पुरावे आहेत, आणि प्रत्येकाला पळवाट आहे. धागे आणि पातळ वस्तू बनवण्यासाठी कारखाने कोऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या पेरॉक्साइड घालून मुद्दाम तोडतात; तेही पातळ वाहते. पेटची घटलेली चिकटता घन अवस्थेतच निर्वात भट्टीत तापवून पुन्हा वाढवता येते, आणि त्याच प्रक्रियेत बाहेरचे वास-अंशही उडून जातात. मिश्रणात तीस टक्के रिसायकल दाणा आहे की वीस, हे चाचणीने ठरवणे तर फारच अवघड. रासायनिक रिसायकलिंगपुढे वादच संपतो. प्लास्टिकचे तेल करून ते नाफ्थ्याबरोबर, म्हणजे खनिज तेलापासूनच्या नेहमीच्या कच्च्या मालाबरोबर, क्रॅकर भट्टीत घातले की बाहेर येणारे इथिलीन पहिल्यासारखेच इथिलीन असते, आणि कोणतेही यंत्र त्याचा उगम सांगू शकत नाही. कसोटी सोन्याचा कस सांगते, ते आधी कोणाच्या गळ्यात होते हे सांगत नाही. रिसायकल असणे हा पदार्थाचा गुण नसून त्याचा इतिहास आहे, आणि इतिहासाला नोंद लागते.

हा वाद बारकाव्याचा वाटेल. पण आता त्यावर पैसा अवलंबून आहे. भारतात फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने कडक आवेष्टनात रिसायकल प्लास्टिकचे किमान प्रमाण २०२५-२६ साठी ३० टक्के आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के ठरवले. ब्रिटनने १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्क्यांहून कमी रिसायकल अंश असलेल्या आवेष्टनावर टनाला २०० पौंडांचा कर लावला. परिणामी फसवणुकीची दिशाच उलटली. पूर्वी भंगाराचा दाणा कोरा म्हणून खपवण्यात नफा होता. आता जिथे रिसायकल पेट कोऱ्यापेक्षा महाग असते, तिथे कोरा माल रिसायकल म्हणून विकण्यात नफा आहे. वास, ठिपके आणि पिवळेपणा शोधणारी नजर या दुसऱ्या चोरीपुढे हतबल आहे, कारण तिथे शोधायचा दोषच नसतो.

कागदावर विसंबायचे तर कागदही खोटा करता येतो, हा आक्षेप रास्तच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत २०२३ मध्ये बनावट ईपीआर प्रमाणपत्रे, म्हणजे कंपन्यांच्या वाट्याचे रिसायकलिंग झाल्याची ग्वाही देणारे कागद, लाखांच्या घरात निघाली. पण कागदाची तपासणी दुसऱ्या कागदाने केली की असेच होणार. धुणे, दळणे, वितळवणे याला वीज लागते. कारखान्याच्या यंत्रांना मर्यादा असते. धुण्यात घट होते, म्हणून आत गेलेल्या वजनाहून बाहेरचा माल कमीच असतो. वीजबिल, यंत्रांची क्षमता, जीएसटीची बिले आणि वजनकाट्याच्या पावत्या एकमेकींशी ताडल्या तर हवेतला दाणा टिकणे कठीण. एक खोटी पावती स्वस्त असते. एकमेकींशी जुळणाऱ्या पाच खोट्या पावत्या महाग पडतात. दाण्यात चमकणारी खूण मिसळावी, असेही सुचवले जाते. खूण उपयोगी पडेल, मात्र त्या खुणेच्या पदार्थाची बाटली कोणाच्या हातात आहे यावर भरवसा पुन्हा अवलंबून. कोऱ्या दाण्यात तीच खूण टाकायला कोण अडवणार? प्रयोगशाळेचे काम यामुळे संपत नाही. अन्नाच्या डब्यात घातक अंश उतरतो का, काळ्या प्लास्टिकात जुन्या टीव्हीच्या खोक्यातले ब्रोमीन आहे का, हे तिनेच सांगायचे. भारतात अन्नाच्या आवेष्टनात रिसायकल प्लास्टिकला आधी बंदी होती आणि पुढे अटींसह मुभा मिळाली. त्या अटी पाळल्या जातात की नाही हे तपासणे चाचणीच्याच आवाक्यातले आहे. सुरक्षितता चाचणीने ठरवावी, उगम हिशेबाने.

सर्वांत टोकदार आक्षेप मात्र वेगळाच आहे. असा हिशेब मागितला की मोठे कारखाने तो तयार करून देतील आणि मुंबईत धारावीतल्या ‘तेरा कंपाउंड’ या रिसायकलिंगच्या वस्तीतला प्रामाणिक छोटा रिसायकलवाला बाहेर फेकला जाईल. भीती खरी आहे. पण या साखळीचा पहिला दुवाच वजनावर चालतो. कचरावेचक माल तोलूनच विकतात आणि भंगारवाला तोलूनच घेतो. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि तिच्यातून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ सहकारी संस्था कचरावेचकांना संघटित करत आली आहे. नोंद अशा ठिकाणी, पहिल्या काट्यावर सुरू झाली, तिचा खर्च प्रमाणपत्र विकत घेणाऱ्या कंपनीने उचलला आणि छोट्या कारखान्याला फक्त वीजबिल व आवक-जावकीच्या पावत्या द्याव्या लागल्या, तर त्याच्यावर नवे ओझे पडत नाही. उलट आज नावाशिवाय विकला जाणारा त्याचा दाणा पहिल्यांदा पुराव्यासह विकता येईल, आणि त्याचा भावही त्याला मागता येईल.