वहिनी, तुमचा रिपोर्ट कुठाय?

भांडुप स्टेशनवरून पश्चिमेला निघालं की कोकणनगर, टेंभीपाडा करत रस्ता डोंगराकडे चढत जातो. अशाच एका चढावर आमच्या ओळखीच्या एक वहिनी राहतात. वय बावन्न. दोन वर्षांपूर्वी यजमानांची अँजिओप्लास्टी झाली आणि वहिनींनी सगळा स्वयंपाकच बदलला. तळण बंद, वनस्पती तूप बंद, फोडणीला तेल चमच्याने मोजून. यजमानांची रात्रीची गोळी एक दिवस चुकू दिली नाही.

पाण्याची कळशी घेऊन चढताना त्यांना स्वतःलाच धाप लागायची. "पित्त असेल," म्हणून लिंबू-सरबतावर वेळ निभावली. शेवटी मुलीने हट्टाने दवाखान्यात नेलं. ईसीजी नशिबाने ठीक निघाला, पण साखर वाढलेली आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८! डॉक्टरांनी गोळी सुरू केली. तीन महिन्यांनी रिपोर्ट छान आला, आणि वहिनींनी गोळी बंद करून टाकली. पुढच्या वेळी आकडा पुन्हा पहिल्या जागी. डॉक्टर हसून म्हणाले, "वहिनी, रिपोर्ट चांगला आला तो गोळीमुळेच. मग गोळीच बंद केलीत तर कसं व्हायचं?"

मैत्रिणींनो, या वहिनी तुमच्या-आमच्यातल्याच. नवऱ्याचं पथ्य, सासूबाईंची औषधं आपल्याला तोंडपाठ असतात. स्वतःचं कोलेस्टेरॉल किती, असं विचारलं तर?

मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०२१ साली मुंबईकरांची पाहणी केली. १८ ते ६९ वयाच्या लोकांत साधारण पाचातल्या एकाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आढळलं. हे फक्त मुंबईचं दुखणं आहे असं मात्र समजू नका. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत हे प्रमाण २४ टक्के होतं.

वाढलेलं कोलेस्टेरॉल दुखत नाही, खुपत नाही. वर्षानुवर्षं ते रक्तवाहिन्यांच्या आत थर धरत राहतं. पाळी सुरू असते तोवर शरीरातल्या इस्ट्रोजेनचं बायकांना थोडंफार संरक्षण असतं. पाळी गेली की ते कमी होतं आणि एलडीएल वर सरकायला लागतं. त्यातून बायकांच्या हृदयविकाराची लक्षणं फसवी. छातीत दुखतंच असं नाही. धाप लागते, जबडा किंवा पाठ दुखते, मळमळतं, घाम फुटतो, विनाकारण गळून गेल्यासारखं होतं. आपण त्याला गॅस म्हणतो आणि कामाला लागतो. असं अचानक झालं तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

आता खाण्याचं. आपलं जुनं जेवण वाईट नव्हतंच. कुळथाचं पिठलं, नाचणीची भाकरी, मेथी, उसळी यांत चोथा भरपूर. बांगडा आणि तारली हे स्वस्तातले मासे हृदयाला चांगले, फक्त तेलात तळण्यापेक्षा कालवण करा किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजा. नारळात कोलेस्टेरॉल नसतं हे खरं, पण एलडीएल वाढवणारी चरबी असते. म्हणून वाटण घाला, पण बेताने. खरा घोळ चहाबरोबरच्या खारीत, फरसाणात आणि पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलातल्या वड्यात आहे. महिन्याला घरात किती तेल येतं ते एकदा लिहून ठेवा. माणशी अर्धा लिटरच्या आसपास राहिलं तर उत्तम. रोज अर्धा तास भरभर चाला. घरकामात चालणं होतंच की, ही सबब नको. आणि मशेरी, तंबाखू सोडाच.

पण पथ्यालाही मर्यादा आहे. शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं. काही घरांत ते अनुवंशाने वाढतं, मग सडसडीत बाईचाही आकडा मोठा येतो. अशा वेळी लसूण, काढे यांच्या भरवशावर राहणं धोक्याचं. डॉक्टर देतात त्या स्टॅटिन गोळ्या यकृतातली ही निर्मितीच कमी करतात. त्या १९८७ पासून वापरात आहेत. अंग दुखलं तर मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगा, ते मात्रा किंवा गोळी बदलून देतात. दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल, तर तेही आधीच सांगा.

२०२४ साली भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या लोकांसाठी आकडे ठरवून दिले. सर्वसाधारण व्यक्तीचं एलडीएल १०० च्या खाली, मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर ७० च्या खाली, झटका येऊन गेला असेल तर ५५ च्या खाली. पहिली तपासणी अठराव्या वर्षीच करावी असंही त्यांनी सांगितलं. उपाशीपोटी जमत नाही म्हणून टाळत असाल, तर या पहिल्या तपासणीला सहसा उपाशी राहावं लागत नाही.

वहिनींची गोळी आता पुन्हा सुरू आहे. रात्री दोन गोळ्या शेजारी ठेवतात, एक यजमानांची, एक स्वतःची. तुमच्या घरातही औषधांचा डबा असेलच. त्यात तुमचा रिपोर्ट आहे का, ते आजच बघा. नसेल तर या महिन्याच्या खर्चात सगळ्यात आधी ती तपासणी लिहा. घर सांभाळणारं हृदयही सांभाळायलाच हवं ना!